फिल्टर धुऊनही गाडी परत परत का गुदमरते? छोट्या डर्ट बाईकचा फोम फिल्टर : तपासणी, सफाई आणि बदल

गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होते, दोन-चार फेऱ्या झकास मारते आणि मग वरच्या रेसला अडकायला लागते. मधेच मिसिंग मारते, पिकअप जातो, प्लग काढून बघितला तर काजळीने काळाकुट्ट. फिल्टर धुतला की आठवडाभर बरं चालतं. पुढच्या रविवारी परत तेच गाऱ्हाणं.

११० ते १४० सीसीच्या छोट्या डर्ट बाईकवाल्यांकडून ही तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. कावासाकीची केएलएक्स ११० असो, केएलएक्स १४० असो किंवा चिनी बनावटीची ११०-१२५ सीसी पिट बाईक, सगळ्यांची जातकुळी एकच: कार्ब्युरेटरचं छोटं इंजिन, फोमचा फिल्टर आणि जमिनीपासून फार उंच नसलेला हवेचा रस्ता. पुण्या-नाशिकच्या आसपासच्या मुरमाड माळावर किंवा नांगरलेल्या शेताच्या कडेने एप्रिल-मे महिन्यात गाडी फिरवली की हा फिल्टर एका दिवसात भरतो. त्यात नवल काही नाही. नवल तेव्हा वाटायला हवं, जेव्हा धुऊन-पुसून लावलेला फिल्टरसुद्धा उपयोगाचा राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. त्रास वारंवार परत येत असेल तर दोष बहुतेक वेळा धुण्यात नसतो. तो एकतर तेलात असतो, नाहीतर फिल्टर बसवण्यात. आणि यातला दुसरा दोष जास्त घातक, कारण तो गाडी चालवताना कळतच नाही.

आधी फिल्टर नको, त्याच्या मागची नळी बघा

फिल्टर दोन प्रकारे दगा देतो. पहिला म्हणजे तो तुंबतो. हवा कमी पडते, पेट्रोल तेवढंच जातं, मिश्रण घट्ट होतं. मग काळा धूर, काळा प्लग, वरच्या रेसला घुसमट. हे लगेच जाणवतं, म्हणून लोक लगेच फिल्टर काढतात आणि धुतात.

दुसरा म्हणजे तो गळतो. धूळ अडवण्याऐवजी बाजूने किंवा आरपार सोडून देतो. अशी गाडी छान चालते, कधीकधी नेहमीपेक्षा मोकळी वाटते. पण आत बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंग झिजत असतात. चार-सहा महिन्यांनी गाडी ऑईल खायला लागते, निळसर धूर देते, किक जड जायच्याऐवजी हलकी जायला लागते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेल्याची ती खूण.

घाईघाईत धुतलेला फिल्टर पहिला दोष घालवतो आणि दुसरा निर्माण करतो. त्यामुळे तपासणीची सुरुवात फिल्टरच्या स्वच्छ बाजूने करायची.

फिल्टर काढण्याआधी सीट, बाजूचं कव्हर आणि एअरबॉक्सच्या (फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याच्या) झाकणाभोवतीचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सगळी धूळ नळीत जाईल. मग फिल्टर हळूच, तोंड खाली न करता बाहेर काढा. आता कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत बोटाला पांढरं सुती फडकं गुंडाळून एकदा गोल फिरवा. फडकं पांढरंच राहिलं किंवा त्यावर फक्त तेलाचा पुसट डाग आला, तर फिल्टर आपलं काम करतोय. फडक्यावर तांबूस किंवा राखाडी रेघ उठली, बोटाला कचकच जाणवली, तर धूळ आत जातेय, मग फिल्टर कितीही स्वच्छ दिसू दे. तपासून झालं की नळीच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा घाला, म्हणजे पुढचं काम करताना काही आत पडणार नाही. बोळा मोठा असावा, बाहेरून ठळक दिसणारा.

फिल्टरही नीट पाहा. चांगल्या फोमला दोन थर असतात, बाहेर जाड छिद्रांचा आणि आत बारीक छिद्रांचा. बाहेरचा थर मातकट आणि आतला अजून तेलाच्या रंगाचा, असं चित्र असेल तर उत्तम. दोन्ही थर सारखेच मातकट झाले असतील तर तेल कमी पडलं. एकाच कडेला मातीचा पट्टा आतपर्यंत गेलेला दिसला तर धूळ तिथूनच शिरतेय आणि दोष बैठकीचा, म्हणजे फिल्टर जिथे टेकतो तिथला आहे.

साधी मोजणी करू

११० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमागे एकदा हवा ओढतं. ६००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला तर मिनिटाला साधारण अडीचशे ते तीनशे लिटर हवा आत जाते. तासाला पंधरा हजार लिटरच्या वर. पुढच्या गाडीने उडवलेल्या फुफाट्यात मागे लागून चालवणारा मुलगा ही सगळी हवा त्या फुफाट्यातूनच घेत असतो. इंजिनाला सगळ्यात जास्त छळणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, डोळ्यांना सुटे दिसतही नाहीत. रिंग आणि बोअरमधला तेलाचा पापुद्रा काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे हे कण बरोबर तिथे अडकून घासत राहतात. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ आहे. सिलिंडरचं बीड त्याच्यापुढे मऊच.

आता फोमची छिद्रं पाहा. उजेडासमोर धरलं की फोममधून पलीकडचं अंधुक दिसतं. म्हणजे छिद्रं या कणांपेक्षा कितीतरी मोठी. मग धूळ अडते कशी? वाकड्यातिकड्या वाटेने जाताना कण फोमच्या धाग्यांवर आपटतात आणि तिथल्या चिकट तेलाला चिकटतात. अडवण्याचं काम तेल करतं, फोम फक्त तेल धरून ठेवतो. म्हणूनच धुऊन कोरडा लावलेला फिल्टर हा मळक्या, तेलकट फिल्टरपेक्षा वाईट. हे पटलं की पुढचं सगळं आपोआप जमतं.

धुताना पेट्रोल नको

आपल्याकडे सर्रास पेट्रोलमध्ये फिल्टर बुचकळतात. मला हे अजिबात मान्य नाही. आगीचा धोका तर आहेच, विशेषतः घराच्या पार्किंगमध्ये, शेजारी मुलं उभी असताना. शिवाय फोमचे थर आणि कडा गोंदाने जोडलेल्या असतात. पेट्रोल तो गोंद सैल करतं आणि फोमही लवकर ठिसूळ होतो.

मित्राच्या मुलाची ११० एकदा याच तक्रारीसाठी माझ्याकडे आली होती. फिल्टर हातात घेतला तर नवाकोरा दिसत होता. मुलगा म्हणालाही, "काका, फिल्टर तर एकदम स्वच्छ आहे, दर रविवारी पेट्रोलने धुतो." फिल्टर उलटा करून तळाची शिवण अंगठ्याने जरा ताणली, तर ती दोन बोटं उसवलेली. जाळीवर (फोम ज्यावर चढतो त्या सांगाड्यावर) चढवला की फट मिटल्यासारखी दिसायची, इंजिनाने हवा ओढली की उघडायची. नळीत फडकं फिरवल्यावर तेल आणि माती कालवलेला लालसर लगदा निघाला. मुलाने कष्टात कसूर केली नव्हती. त्याला कोणी शिवण बघायला सांगितलंच नव्हतं.

फिल्टर क्लीनर मिळाला तर तोच वापरा. नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, ज्याला दुकानदार एमटीओ म्हणतात, ते चालतं. तेही पेट घेतं, पण पेट्रोलइतकं पटकन नाही. काम उघड्यावर, रबरी हातमोजे घालून, विडी-काडीपासून लांब करायचं. फिल्टर जाळीवरून काढा, टबमध्ये बुडवा आणि तळव्यांत हलके दाबत राहा. पिळायचं नाही. कपड्यासारखा पीळ दिला की शिवण गेलीच म्हणून समजा. जुनं तेल सुटलं की कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून धुवा, मग साध्या पाण्याने, फेस जाईपर्यंत. पाण्याची धार आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर माती आतल्या थरात ढकलली जाते. वापरलेलं टर्पेंटाइन गटारात ओतू नका. बाटलीत भरून ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला कामी येतं.

वाळवण सावलीत. कडक ऊन, हेअर ड्रायर, सायलेन्सरवर ठेवणं, यातलं काहीही नको. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन दिवस लागू शकतात. आत ओल राहिली तर तेल धाग्यांना धरत नाही, तिथे दुधाळ पांढरट डाग दिसतात आणि नेमकी तिथूनच धूळ जाते. दोन दिवस थांबायचा धीर नसतो म्हणूनच लोक अर्धओला फिल्टर लावतात. यावर एकच इलाज: दुसरा फिल्टर विकत घेऊन ठेवा. एक गाडीत, एक तेल लावून बंद पिशवीत तयार. ट्रॅकवर गाडी गुदमरली तर दोन मिनिटांत बदलता येतो आणि दोष फिल्टरचा होता की कार्ब्युरेटरचा तेही तिथल्या तिथे कळतं. तयार फिल्टर घालूनही वरच्या रेसला अडखळत असेल तर चोक अर्धवट अडकलाय का ते बघा, मग कार्ब्युरेटरमधल्या फ्लोट आणि मेन जेटकडे वळा.

तेल : इथे कंजूषी नको, उधळपट्टीही नको

फोम फिल्टरसाठी वेगळं तेल मिळतं. मोतुल, मॅक्सिमा, बेल-रे अशा कंपन्यांचं. ते लावताना पातळ असतं, त्यातला द्रव उडून गेला की चिकट होतं. बहुतेक तेलांना निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो, तो तेल कुठे पोचलं आणि कुठे नाही हे दिसावं म्हणून.

गॅरेजमध्ये मात्र हाताला लागेल ते इंजिन ऑईल चोपडतात. इंजिन ऑईल वाहण्यासाठी बनवलेलं आहे, चिकटून राहण्यासाठी नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की ते निथळून एअरबॉक्सच्या तळाशी येतं. फिल्टरचा वरचा भाग कोरडा पडतो, खालचा भाग तेलाने थबथबतो. मग वरून धूळ आत जाते आणि खाली हवा अडते. "धुतला की आठवडाभर बरं" या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलंय. अगदी अडलंच तर ८०/९० गिअर ऑईल इंजिन ऑईलपेक्षा बरं, जुन्या काही मॅन्युअलमध्ये तसं सांगितलेलंही आहे. पण तेवढ्यापुरतंच. फिल्टर ऑईलची एक बाटली छोट्या गाडीला बराच काळ जाते, तिथे पैसे वाचवू नयेत.

लावायची पद्धत सोपी. जाड प्लास्टिकच्या पिशवीत फिल्टर घाला, वरून तेल ओता आणि पिशवीचं तोंड धरून मळा. कणीक मळतो तसं, पण हलक्या हाताने. रंग सगळीकडे सारखा आला पाहिजे. शिवणींपाशी आणि तोंडाजवळच्या जाड कडेत तो हमखास कमी पोचतो, तिथे बोटाने लावा. मग तळव्यांत दाबून जास्तीचं काढून टाका. दाबल्यावर थेंब टपकत नाही पण बोटं चिकटतात, एवढं तेल बरोबर. त्यानंतर अर्धा-एक तास तसाच ठेवा म्हणजे त्यातला द्रव उडून जाईल. लगेच लावून गाडी चालू केली तर तोच द्रव ओढला जातो आणि गाडी सुरुवातीला अडखळते.

बैठक : खरी चोरवाट

फिल्टरचं तोंड एअरबॉक्सच्या कडेवर जिथे टेकतं, तिथे केसाएवढी फट राहिली तरी हवा तिथूनच जाणार. तेलकट फोममधून जाण्यापेक्षा तो रस्ता सोपा.

म्हणून आधी फोम जाळीवर नीट चढवा. जाळीचे आकडे फोमच्या भोकांत बसलेत ना, कड कुठे दुमडली नाही ना, बोटाने चाचपून बघा. मग फिल्टरच्या टेकणाऱ्या कडेवर वॉटरप्रूफ ग्रीसचा पातळ, सलग थर द्या. फक्त कडेवर. फोमच्या अंगावर गेलं तर तेवढी हवा बंद. एअरबॉक्सची कडही पुसून कोरडी करा. जुन्या ग्रीसमध्ये रुतलेली वाळू नव्या ग्रीसखाली राहिली तर तिथे फट राहते. लावल्यावर फिल्टर दोन्ही बाजूंना हलकासा फिरवा, म्हणजे ग्रीस दोन्ही कडांना धरतं. बोल्ट किंवा फुलपाखरी नट हाताने घट्ट पुरे. पाना लावून आवळला तर प्लास्टिकची जाळी वाकते आणि समोरची कड उचलली जाते.

यानंतर रबरी नळी. एअरबॉक्स ते कार्ब्युरेटर आणि कार्ब्युरेटर ते इंजिन, या दोन जोडांमधल्या गळतीची लक्षणं वेगळी असतात. इंजिनाच्या बाजूचा जोड गळत असेल तर मिश्रण पातळ होतं: स्लो रनिंग वर-खाली, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, गाडी जास्त गरम. फिल्टरच्या बाजूची नळी चिरली असेल तर चालवताना काहीच कळत नाही, कारण ती हवाही कार्ब्युरेटरमधून मोजूनच जाते. फक्त ती गाळलेली नसते. त्यामुळे ही नळी दर वेळी वाकवून, तिच्या घड्या उघडून, मागच्या बाजूने आरसा धरून बघा. क्लॅम्प सैल नाही ना तेही.

संशय राहिलाच तर एक खात्रीची चाचणी आहे. नळीच्या आत, फिल्टरच्या मागे, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. उघडून बघितल्यावर ग्रीस स्वच्छ दिसलं तर निश्चिंत. ठिपके दिसले तर ते कुठे दाट आहेत ते बघा, गळती त्याच दिशेला सापडते.

काही वेगळे प्रकार

फिल्टर आतल्या बाजूने काळ्या तेलाने भिजलेला असेल तर ते तेल इंजिनातून आलंय. क्रँककेसची ब्रीदर नळी (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी) अनेक गाड्यांत एअरबॉक्समध्येच सोडलेली असते. इंजिन ऑईल जास्त भरलं असेल, टेम्पोतून आणताना गाडी आडवी टाकली असेल किंवा रिंग गेल्या असतील, तर तेल त्या वाटेने येतं. कितीही धुवा, दोन राइडमध्ये परत भिजणार. आधी ऑईलची पातळी गाडी सरळ उभी करून तपासा.

गाडी धुतल्यावर लगेच अडखळते, अशी तक्रार असेल तर वॉशिंग सेंटरचा फवारा एअरबॉक्सच्या तोंडावर बसतोय. गाडी धुण्याआधी ते तोंड झाका. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निघायची रबरी चोच असते, ती मातीने बंद झाली तर पाणी साचून राहतं. ती दाबून मोकळी करा.

स्वस्त पिट बाईकना एअरबॉक्सच नसतो. कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट क्लॅम्पने आवळलेला शंकूसारखा फिल्टर असतो. नवा घेताना कार्ब्युरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. ३५, ३८ आणि ४२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. मोठ्या मापाचा घेऊन क्लॅम्प आवळला की रबराला चुणी पडते आणि चुणीतून धूळ जाते. मागच्या चाकाची माती अंगावर येत असेल तर मधे रबराचा पडदा लावा.

हीरोची आता बंद झालेली इम्पल्स किंवा एक्सपल्स २०० यांच्यासारख्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत कागदी फिल्टर येतो. वरची कुठलीही कृती त्याला लागू नाही. कागद धुवायचा नाही, त्याला तेल लावायचं नाही. कारखान्यातून तेल लावून आलेल्या कागदाला तर हवाही मारायची नाही, मातीत वापर असेल तर मॅन्युअलमधल्या अंतराच्या कितीतरी आधी तो बदलायचा.

फोम बदलायचा कधी

धुताना हाताला चुरा लागला, शिवण उसवली, दाबलेला फोम परत फुगला नाही किंवा धुतल्यानंतर उजेडासमोर धरल्यावर एखादी जागा बाकीच्यांपेक्षा लख्ख दिसली, की त्याच दिवशी बदला. चिकटवून किंवा टाके घालून चालत नाही. न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलेला फोमही कडक होऊन तुटतो, तेव्हा दुकानातला जुना माल दाबून बघा. नवा घेताना जुना सोबत न्या आणि तीन गोष्टी ताडून घ्या: तोंडाचं माप, उंची आणि दोन थर. एकाच थराची नक्कल स्वस्त मिळते, दिसायला तशीच असते. मी ती मुलांच्या गाडीला लावत नाही.

धूळ आत गेलीच असेल तर

नळीत माती सापडली तर फिल्टर बदलून काम संपत नाही. नळी आणि कार्ब्युरेटरचं तोंड पुसून घ्या, इंजिन ऑईल लगेच बदला. काढलेलं ऑईल पांढऱ्या भांड्यात घेऊन दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर नवं ऑईलही थोड्याच दिवसांत पुन्हा बदलायचं.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, विशेषतः इनटेकची (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची). धुळीने व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपत आली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि गाडी किकला दाद देत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे लावा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. काही राइडनंतर पुन्हा मोजा. आकडा तोच असेल आणि नळीही स्वच्छ असेल तर इंजिन वाचलं. नळी स्वच्छ असूनही फट परत कमी झाली असेल तर सीट आधीच खराब झालेली आहे. मग टॅपेट पुन्हा पुन्हा सैल करत बसण्यात अर्थ नाही. हेड उघडून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करून घ्या, आणि हेड उघडलंच आहे तर बोअरवर उभे ओरखडे आहेत का तेही त्याच वेळी बघून घ्या.